उलट्या आट्यांचा रंधा

नेली बॅरक्लफ रोज सकाळी चहा समोर ठेवून आधी चादरीची कड चाचपायची. उजव्या हाताची तीन बोटं कडेवरून सावकाश पुढे सरकायची. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. कुठे धाग्याची गाठ लागली की बोटं थांबायची, नख ती गाठ वर उचलून बघायचं, आणि हात पुढे जायचा. चादर तीच असायची आणि गाठीही त्याच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्यावर ती डोळे उघडायची आणि कोमट झालेला चहा तक्रार न करता प्यायची.

गिरणी सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. पण बोटांना त्याची खबर नव्हती.

आमच्या खोऱ्यात गिरणीतल्या बायकांमध्ये रफूच्या खोलीतल्या बायका जरा वरच्या समजल्या जायच्या. मागांच्या खोल्यांत इतका खडखडाट की तिथल्या बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलत. रफूची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांची, शांत. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तिथल्या उतरत्या टेबलांवर उलटं पसरायचं, त्यातल्या गाठी बोटांनी शोधायच्या, आणि तुटलेला धागा सुईनं पुन्हा असा भरायचा की तो कुठे तुटला होता हे विणणाऱ्यालाही सांगता येऊ नये. बाकीच्या बायका डोक्यावर शाल घेऊन कामाला जायच्या, रफूवाल्या हॅट घालून. नेलीची हॅट गडद निळी होती. ती घालून ती चढ चढायला लागली की तिचा भाऊ आर्नल्ड मागून ओरडायचा, ‘बाजूला व्हा, राणीसाहेब चालल्यात पगार आणायला.’

वॉल्टर तिला त्याच खोलीत भेटला. टेबलाच्या फळ्यांना कुसळं निघाली होती, ती कापडात अडकत, म्हणून गावातल्या सुताराकडचा माणूस बोलावला होता. वॉल्टरनं फळी रंधली, हात फिरवला, आणि तो गेला. नेलीनं आपली बोटं फिरवली आणि इथे अजून लागतंय असा निरोप पाठवला. तो परत आला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा निरोप गेला. तिसऱ्या खेपेला त्यानं पेटी उघडलीच नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाला, “टेबलात अजून काही उरलंय का, की शनिवारी मी सरळ घरीच येऊ?”

मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलले असतील तर ते घराबाहेर आलं नाही. आमच्या ओळीतली सगळी घरं सारखीच आहेत. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, वर निजायच्या दोन खोल्या आणि मधे अरुंद चढण असलेला जिना. नेलीचे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले तेव्हा वॉल्टरनं आणि आर्नल्डनं पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. त्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधे एक दार होतं, जुन्या पाइनचं, जाड आणि जड. ही सगळी गोष्ट त्या दाराची आहे.

आमच्याकडे शरद ऋतू लागला की लाकूड फुगतं. बाहेर ओल, आत किटलीची वाफ. दर वर्षी सप्टेंबरात वॉल्टर ते दार उतरवायचा, कडेवरून रंध्याच्या दोन-चार साली काढायचा आणि परत बसवायचा. जास्त काढायच्या नाहीत. एक साल जास्त निघाली की हिवाळ्यात लाकूड आकसल्यावर फट पडते, आणि त्या फटीतून येणारा वारा थेट पलंगावर जायचा. मागची दोन वर्षं मात्र दार उतरलं नव्हतं. विचारलं तर वॉल्टर म्हणायचा की राहून गेलं. नेलीला उठवायचं, धुवायचं, कोळसा आणायचा, चूल पेटवायची, कपडे पिळायचे, तिला रात्री कुशीवर वळवायचं. या सगळ्यात एक दार राहून गेलं, इतकंच. वॉल्टर बसल्या जागी झोपत असे, चमचा हातात असताना झोपत असे, एकदा चॅपेलमध्ये उभं राहून स्तोत्र म्हणताना झोपला.

ऑक्टोबरात एका सकाळी नेलीनं ते दार आतून ओढलं. ते अडलं होतं. तिनं वॉकर सोडून दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा ते एकदम सुटलं आणि ती मागे पडली. खुब्याच्या हाडाला चीर गेली. ती बरेच आठवडे इस्पितळात होती.

त्या आठवड्यांत आर्नल्डच्या मनात आलं की बहीण परत येईल तेव्हा दार हलकं झालेलं असावं. मनात वाईट काही नव्हतं. वॉल्टर इस्पितळात गेला असताना तो मागच्या दारानं आत आला आणि कोळशाच्या खोलीतून वॉल्टरचा रंधा काढून बसला. कामातून निवृत्त होताना वॉल्टरनं बाकीची हत्यारं तरुण सुतारांना देऊन टाकली होती. हा एकच लोखंडी रंधा ठेवला होता. तोही दोन हिवाळे ओलीत पडून गंजलेला.

अशा रंध्यात पात्यामागे एक पितळी नट असतो, चपट्या पेढ्याएवढा. तो फिरवला की पातं खाली येतं किंवा वर जातं. जगातले बहुतेक नट डावीकडे फिरवले की सैल होतात. याचे आटे उलटे असतात. आर्नल्डनं जन्मभर गिरणीत माग दुरुस्त केले होते, फिटर होता तो, आणि फिटरचा हात अडलेला नट दिसला की विचार न करता डावीकडे जातो. नट हलेना म्हणून त्यानं मोठा पान्हा लावला. त्या जोरासमोर गंजानं थोडी माघार घेतली, नट फिरला, पण आत फिरला, आणि शेवटी आतल्या लोखंडाला टेकून असा आवळला की जणू तिथेच ओतला असावा. पातंही आत ओढलं गेलं. आता तो रंधा लाकडावरून कितीही फिरवला तरी काही निघणार नव्हतं.

वॉल्टरनं घरी येऊन पितळेवरचे पान्ह्याचे दात पाहिले. इस्पितळातून आलेला, दमलेला माणूस. तो म्हणाला, “तुझ्या हाताखालून गेलेली एक तरी वस्तू पुन्हा फिरली का रे कधी?” आणखीही काही म्हणाला. आर्नल्डनं टोपी घातली आणि तो गेला. त्यानंतर तो बहिणीला भेटायला इस्पितळात जायचा तो वॉल्टर तिथे नसेल अशी वेळ बघून. ती घरी आल्यावर आमच्या ओळीच्या टोकाला उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, नेली जेवते का नीट.

नेली घरी आली आणि पाठोपाठ नर्स ओल्डफील्ड आली. चांगली बाई होती. वरच्या सगळ्या शेतांवरची आणि खालच्या सगळ्या ओळींतली म्हातारी माणसं तिच्या एकटीच्या अंगावर, त्यामुळे आल्यावर ती आधी खुर्चीच्या पाठीला टेकून क्षणभर उभीच राहायची. तिनं पलंग पाहिला, कमोडची खुर्ची पाहिली, मग ते दार ओढून पाहिलं. एका हातानं आलं नाही. दोन हातांनी आलं, आणि ती स्वतःच एक पाऊल मागे गेली.

तिनं काही लपवलं नाही. कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, सुताराला नवं वर्ष उजाडेपर्यंत वेळ नव्हता. आणि जी बाई हेच दार ओढताना पडली तिला याच दारामागे ठेवून जाणं नर्सला जमणार नव्हतं. टेकडीवर म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे एक जागा रिकामी होती, पण ती जागा फार दिवस धरून ठेवता येणार नव्हती. शुक्रवारी ती परत येणार होती. तोपर्यंत हे दार नेलीला एका हातानं उघडता यायला हवं. नाहीतर टेकडी.

वॉल्टरनं विचारलं की दार काढूनच टाकलं तर. यावर नेली पलंगावरून बोलली. “तू तिथे मासे तळणार आणि मी इथे तुझ्यासमोर पॉटवर बसणार? दार पाहिजे मला.” शिवाय पुढच्या खोलीची शेगडी लहान, रस्त्याचा वारा सरळ आत येणारा, आणि नेलीची छाती हिवाळ्यात नेहमीच भरायची. नर्सनंही मान डोलावली. दार हवंच होतं.

टेकडीवरची ती इमारत आता रंगवलेली आहे. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आहेत, दिवाणखान्यात टीव्ही आहे. पण ज्यांचं कुणी नाही आणि ज्यांच्याजवळ काही नाही अशांना पूर्वी तिथेच ठेवत. नवरा-बायको असतील तर वेगवेगळ्या बाजूंना. खोऱ्यातली जुनी माणसं अजूनही तिचं नाव घेत नाहीत, नुसतं हनुवटीनं टेकडीकडे दाखवतात. नेलीची आजी तिथे गेली होती. तिच्या बोटातली अंगठी दारातच उतरवून घेतली होती, असं त्यांच्या घरात सांगत.

नर्स गेली. वॉल्टर विस्तव सारखा करत होता. मग नेली म्हणाली, “जाते मी, वॉल्टर. तुला झोप तरी मिळेल.”

ती रागानं म्हणाली नव्हती, आणि त्याचं मन बघण्यासाठीही नाही. थकलेला माणूस जसं सोयीचं ते सुचवतो तसं तिनं सुचवलं होतं. वॉल्टर उठला. कोळशाच्या खोलीत जाऊन त्यानं रंधा आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला.

ज्यांना हत्यारं दिली ते तरुण सुतार कामासाठी केव्हाच खोरं सोडून गेले होते. शेजारून रंधा मागून आणता आला असता. आमच्या घरीही एक होता, पण तो बोथट, लाकूड सोलण्याऐवजी चावणारा. त्यानं दाराची कड बिघडली असती आणि फट पडली असती. वॉल्टरनं तो बघितला आणि आमच्या आईला परत दिला, आभार मानून.

त्यानं नटावर रॉकेल आणि मशीनचं तेल घातलं, रंधा चुलीशेजारच्या भट्टीच्या दाराशी उबेत ठेवला, पुन्हा तेल घातलं. बुधवारी सकाळी तो नट फिरवायला बसला. पण त्याच्या दोन्ही हातांची शेवटची दोन बोटं कित्येक वर्षांपासून तळव्यात वळलेली होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या पुरुषांना होतं तसं. तळव्यानं तो अजून काहीही ढकलू शकत असे. उरलेल्या बोटांच्या चिमटीतला जोर मात्र वयानं गेला होता. पक्कड लावायला तो तयार नव्हता, पितळ आधीच पुरेसं कुरतडलं गेलं होतं. नट बोटांतून निसटायचा आणि हात टेबलावर आपटायचा. दार उघडं होतं. पलंगावर नेलीला तो आवाज येत होता. आपटणं, मग शांतता, मग पुन्हा आपटणं. तो शिव्या देत नव्हता. तिला त्याचीच जास्त काळजी वाटली.

“काय करतोयस?” तिनं विचारलं.

“काही नाही.”

“तुझं काही नाही इथपर्यंत ऐकू येतंय. आण इकडे.”

“तेल लागेल चादरीला.”

“चादर मी रोज बघते. काही खास नाहीये ती. आण.”

त्यानं तिच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर रंधा ठेवला. तिनं डोळे मिटले आणि बोटांनी त्याला आधी ओळखून घेतलं, लाकडी मूठ, पात्याची पाठ, मग नट. पान्ह्याच्या दातांनी पितळाला उठलेला कंगोरा तिला लागला. “हा आमच्या भावाचा,” ती म्हणाली, आणि बोट पुढे नेलं. नटाच्या मागे, गंजात, तिचं नख थांबलं. तिथे तिला फार वेळ लागला.

तिनं शिवणाच्या टोपलीतून मेण लावलेला जाड दोरा मागितला. भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तसा तो नटाभोवती घट्ट गुंडाळायचा आणि दोऱ्याचं टोक ओढायचं, म्हणजे चिमटीची गरज नाही, असं तिच्या मनात होतं. वॉल्टरनं सांगितलं की याचे आटे उलटे आहेत, उजवीकडे फिरला तरच सुटेल, हे डोक्यात ठेव, आर्नल्डनं तिथेच घोळ केला.

“उलटंच ना?” नेली म्हणाली. “मी जन्मभर कापड उलट्या बाजूनंच पाहिलंय.”

वॉल्टरनं दोन्ही तळव्यांत रंधा दाबून धरला. ते काम त्याच्या हातांना येत होतं. तिनं दोरा ओढला, नट हलला नाही, आणि तिनं लगेच हात सोडला. त्याला वाटलं ती दमली. तो म्हणाला की अजून जोर लाव, धरलंय मी. तिनं नकारार्थी मान हलवली. गाठ ओढली की घट्ट होते, एवढंच म्हणाली. त्याऐवजी तिनं विणायच्या सुईनं तेलाचा थेंब आट्यांच्या कडेवर सोडला, बोटानं नटावर टिचकी मारली, थोडं उजवीकडे ओढलं, थोडं डावीकडे ढकललं. ते ओढणं इतकं हलकं होतं की ती काही करते आहे असंही बघणाऱ्याला वाटलं नसतं. मग पुन्हा थेंब. आणि मधेच, हात नटावर ठेवलेला असतानाच, ती झोपली.

वॉल्टर हलला नाही. हलला असता तर ती जागी झाली असती. रंधा तिच्या मांडीवर, त्याचे तळवे रंध्याच्या दोन बाजूंना, पाठ वाकलेली. तो चुलीवर ठेवलेल्या पाण्याचा विचार करत होता, ते आटून जाईल असा, आणि त्या विचारातच त्याचंही डोकं पलंगाच्या कडेला टेकलं.

कोळसेवाल्याच्या घोड्यानं दारात टापा वाजवल्या तेव्हा ते जागे झाले. विस्तव विझायला आला होता, पाणी आटलं होतं, दुपारच्या जेवणाचं काही झालेलं नव्हतं. वॉल्टर उठायला गेला, तेव्हा नेली म्हणाली, “थांब.” तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. “हलला.”

तिला स्वप्न पडलं असेल असं त्याला वाटलं. त्यानं नटाकडे बघितलं. तो होता तसाच दिसत होता.

“दिसणार नाही तुला,” ती म्हणाली. “केसाएवढा. धर तू.”

दुपार त्यातच गेली. नट केसाएवढा यायचा, मग थांबायचा, मग त्याला परत आत ढकलायचं आणि पुन्हा बाहेर बोलवायचं. आट्यांतून तांबडा, ओला गंज बाहेर येत होता, वर्तमानपत्रावर त्याचे ठिपके पडत होते. शेवटी दोऱ्याची गरज उरली नाही. तिनं एका बोटानं नट पूर्ण फिरवला, पातं तळाच्या फटीतून बाहेर डोकावलं, आणि तिनं रंधा वर्तमानपत्रासकट त्याच्याकडे सरकवला. हाताला तेलाचा वास येत होता. तिनं तो हुंगला, तोंड वाकडं केलं आणि साबण मागितला.

दुसऱ्या दिवशी वॉल्टरनं पात्याला धार लावली. दार मात्र आता एकट्याला उतरवता येण्यासारखं नव्हतं. त्यानं बिजागरीचे स्क्रू बघितले, दाराला खांदा लावून बघितला, आणि तो खुर्चीवर बसला. नेली पलंगावरून बघत होती. मग म्हणाली, “आर्नल्डला बोलाव.”

तो रंध्याचं पातं पुसत राहिला.

“रुसायचंच असेल तर मी टेकडीवर गेल्यावर रूस,” ती म्हणाली. “तिथून मला दिसणार नाही.”

निरोप घेऊन आमची आई गेली. फार लांब जावं लागलं नाही. आर्नल्ड ओळीच्या टोकालाच होता. तो मागच्या पायरीवर येऊन बूट पुसायला लागला आणि ते पुसणं संपेचना. शेवटी वॉल्टर आतून म्हणाला की पायरी झिजेल. आर्नल्ड आत आला, टोपी काढली, टेबलावरचा रंधा बघितला, नट बघितला.

“आधी सांग बाबा,” तो म्हणाला, “कुठल्या बाजूनं फिरवायचं ते.”

“तू फक्त उचल,” वॉल्टर म्हणाला. “तुला फिरवायला इथे काही ठेवलेलं नाही.”

त्यांनी दार उतरवलं आणि दोन खुर्च्यांमधे कड वर करून उभं धरलं. आर्नल्ड धरून राहिला, वॉल्टर रंधायला लागला. पहिली साल निघाली ती तुटक, गंजाच्या रंगाची. पुढची लांब आली, पातळ, अंगाभोवती वळत खाली पडली. खोलीत पाइनचा वास पसरला. वॉल्टर दोन हात मारायचा आणि थांबायचा. मग एकदा थांबला तो दाराच्या कडेवर कपाळ टेकवूनच, आणि बराच वेळ वर बघेना. आर्नल्डनं दार सोडलं नाही, घसा खाकरला नाही. मग हळूच विचारलं की मी मारू का दोन.

वॉल्टरनं रंध्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. कुणाला सहज हातात द्यावी अशी ती वस्तू नव्हती. “दाबायचं नाही,” तो म्हणाला. “ढकलायचं. आणि शेवटाला उचलायचं.” दोघांनी जागा बदलल्या. आर्नल्डच्या हाताखाली रंधा उड्या मारत गेला आणि वाटेतच अडला. वॉल्टर म्हणाला की पातं जास्त बाहेर आहे, थोडं आत घे. आर्नल्डनं नटाला हात लावला आणि थांबला. मग डावीकडे फिरवला. पातं आत गेलं. उजवीकडे फिरवला, बाहेर आलं. पुन्हा आत घेतलं.

“साला खरंच उलटा आहे,” तो म्हणाला, आणि वॉल्टरला हसू आलं. इस्पितळापासून पहिल्यांदाच.

दार परत बसवण्याआधी त्यांनी त्याची कड पलंगाजवळ नेली. नेलीनं वरपासून खालपर्यंत, हात पोचेल तिथवर, बोटं फिरवली. वॉल्टर वाट बघत उभा होता. “ठीक आहे,” ती म्हणाली. तिला एकही कुसळ सापडलं नाही याचं त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

शुक्रवारी नर्स ओल्डफील्ड आली. तिनं दार बाहेरून एका बोटानं ढकललं, आतून एका बोटानं ओढलं. मग ती बाजूला झाली आणि नेलीला उठायला सांगितलं. नेली उठली. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत यायला तिला फार वेळ लागला. दंड थरथरत होते, पाय जमिनीवरून उचलले न जाता सरकत होते. स्वयंपाकघरात दोन पुरुष भिंतीकडे बघत उभे होते. दाराशी येऊन तिनं एक हात वॉकरवर ठेवला आणि दुसऱ्यानं मूठ ओढली. दार आलं, ओढावं लागल्यासारखं नाही, आपणहून आल्यासारखं. नेली त्या उघड्या दारात उभी राहिली.

“दाराचं झालं,” नर्स म्हणाली. ती वॉल्टरकडे बघत होती. “मिस्टर बॅरक्लफ, तुमचं काय करायचं? तुम्ही कधी झोपता?”

वॉल्टर म्हणाला की झोपतो की. ते इतक्या सावकाश म्हणाला की कुणाचाच विश्वास बसला नसता. तेव्हा आर्नल्ड, किटलीकडे बघत, म्हणाला की मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी येत जाईन, मला काय काम आहे. हा वर जाऊन झोपेल. मी बसेन इथे.

नर्सनं चहा घेतला. जाताना तिनं हेही सांगितलं की हे हिवाळ्यापुरतं आहे, पुढचं पुढे. टेकडीवरची ती जागा तिनं दुसऱ्या कुणाला तरी दिली.

यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. नेलीला उठवायचं होतंच, धुवायचं होतंच. जानेवारीत तिची छाती भरली, वॉल्टरची पाठ धरली, पाइप गोठले. मंगळवारी आणि शुक्रवारी आर्नल्ड यायचा, वॉल्टर वर जाऊन बुटांसकट पलंगावर पडायचा. खाली आर्नल्ड खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्याही आधी घोरायला लागायचा, आणि घरात एकटी नेली जागी असायची. तिनं आमच्या आईला सांगितलं होतं की तिला ते आवडतं. एक वर घोरतो, एक खाली, आणि दोघांचं कुणाशी भांडण नाही.

ती मार्चमध्ये गेली, एका मंगळवारी दुपारी, स्वतःच्या पलंगावर. आर्नल्ड येऊन बसला होता, वॉल्टर वर निजला होता, आणि ती कुणाला न उठवता गेली. अंत्यविधीनंतर चॅपेलमध्ये सगळ्यांचा चहा झाला, हॅम आणि पाव होता. तिथे मंडळींनी वॉल्टरला विचारलं की शेवटी ती काही बोलली का. त्यांना काय ऐकायचं होतं ते त्याला कळत होतं, आणि त्यानं खूप आठवून पाहिलं. पण जे होतं ते एवढंच. त्या दुपारी वर जाण्याआधी तो चुलीपाशी बटाटे सोलत होता, दार उघडं होतं, मागच्या पायरीवर आर्नल्ड बूट पुसत होता, आणि ती पलंगावरून म्हणाली होती,

“अजून एक सोल, वॉल्टर. तो नको म्हणेल आणि खाईल.”